नेलिदाचा सल्लागार

सुबिरियाला काढून टाकायचं, हे एवारिस्तो मास्तरांनी फोन खाली ठेवता ठेवता ठरवलं. ठरवणं सोपं होतं. मास्तरांना ठरवण्याची अडचण आयुष्यात कधी आली नव्हती, कारण ठरवलेलं पार पाडायचं काम घरात दुसऱ्या माणसाकडे असे. ते माणूस एप्रिलमध्ये गेलं.

फोनवर सुबिरिया म्हणाला होता, "मास्तर, आता वेळ घालवू नका. घरात असतील नसतील तेवढे डॉलर विकून टाका. पेसो घ्या आणि बँकेत ठेवीवर टाका. व्याज बघितलंत का? असं व्याज पुन्हा मिळायचं नाही." पेसो हे आमचं चलन, त्याची किंमत महिन्यागणिक उतरते; जपलेले डॉलर विकून पेसो घ्या, असं सांगणाऱ्यावर मास्तरांचाही विश्वास बसेना.

फेर्मिन सुबिरिया हा मास्तरांच्या बायकोचा, नेलिदाचा सल्लागार. पैशांचा. औषधाच्या दुकानावरच्या माडीवर त्याची एक खोली होती आणि दारावर पितळी पाटी. लग्नानंतर थोड्या वर्षांनी नेलिदा त्याच्याकडे जाऊ लागली, आणि मग दर महिन्याच्या एका गुरुवारी, केस नीट बसवून, हातात पर्स घेऊन जात राहिली. मास्तर त्या वेळी शाळेत असत. पराना शहरातल्या दोन पिढ्यांना त्यांनी भूगोल शिकवला. व्होल्गा कुठे उगम पावते आणि कुठे जाऊन मिळते हे ते झोपेत सांगत. घरातला विजेचा मीटर कुठे आहे हे मात्र त्यांना नेलिदा गेल्यावर, वीज तोडायला आलेल्या माणसाने दाखवलं. "हा काय, मास्तर, तुमच्या डोक्यामागे." तो माणूस त्यांचाच विद्यार्थी निघाला, ही त्यातली जास्त वाईट गोष्ट.

तर पैसा हे नेलिदाचं खातं. घरात किती आहेत आणि कुठे आहेत हेही मास्तरांना ठाऊक नव्हतं. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "आशिया खाली काढा." शाळेने निवृत्तीच्या वेळी भिंतीवर टांगायचे जुने नकाशे मास्तरांना देऊन टाकले होते, ते कपाटावर गुंडाळून ठेवलेले असत. युरोप आणि अमेरिका मास्तर अधूनमधून उघडून बघत. आशियाला ते हात लावत नाहीत, हे तिने हेरलं होतं. आशियाच्या गुंडाळीत डॉलर होते. बऱ्यापैकी होते.

हे पैसे तिने जमवलेले. ते आपल्या हातून बुडायला नकोत, एवढी एकच इच्छा मास्तरांना उरली होती. पेन्शनीत जेमतेम भागत होतं. छप्पर गळलं, दाढ दुखली, तर आशियाच. पण खरं सांगायचं तर छप्पर आणि दाढ नंतर. वर गेल्यावर ती पहिला प्रश्न विचारणार, "काय केलंत पैशांचं?" आणि त्या वेळी आपल्याला मान वर करून उत्तर देता आलं पाहिजे. मास्तर देवळात जात नसत, पण ती वर आहे आणि विचारणार आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

आमच्याकडे पैशांचा सल्ला विचारायला कुठे जावं लागत नाही. मांस घ्यायला गेलं की तो वजनातच मिळतो. तुचोच्या दुकानात मास्तरांनी फासळ्या मागितल्या आणि सहज म्हणून विषय काढला.

तुचोने सुरा खाली ठेवला. "विका म्हणून कोणी सांगितलं?"

"सुबिरियाने."

"मग एक डॉलर विकू नका! मास्तर, त्या माणसाने माझ्या बापाला सांगितलं होतं, गाई विक आणि व्हिडिओ कॅसेटचं दुकान टाक."

"मग?"

"टाकलं. सीडी आल्या ना, त्याच वर्षी टाकलं. म्हणून तर मी आज दुसऱ्याच्या गाई कापतोय."

रांगेत मागे इर्माबाई होत्या. इर्माबाई मास्तरांच्या भिंतीला लागून राहतात, आणि ती भिंत पातळ आहे. "माझ्या बहिणीला काय म्हणाला माहितीये? बँकेसारखी सुरक्षित जागा नाही, सगळे बँकेत ठेव. दोन हजार एक साली. नोव्हेंबरात!"

दुकानातले सगळे हळहळले. त्या डिसेंबरात बँकांनी दारं लावून घेतली आणि लोकांचे पैसे आतच राहिले, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही समजावून सांगावं लागत नाही.

"मग तो अजून धंद्यात कसा?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या बाईंच्या जिवावर," तुचो म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने फासळ्यांबरोबर एक सॉसेज फुकट बांधून दिलं.

मास्तर ते सॉसेज घेऊन घरी निघाले तेव्हा त्यांचा कान तापला होता. स्वतःचा अपमान माणूस कसाबसा गिळतो. पण नेलिदासारख्या बाईला, जिला भाजीवाल्याने कधी एक लिंबू जास्तीच्या भावाने विकलं नाही, तिला या सुबिरियाने इतकी वर्षं फसवावं? तो नसता तर आशिया आणखी किती जाड झाला असता?

इर्माबाई त्यांच्या मागोमाग आल्या होत्या. "मास्तर, तुमच्याकडे किती आहेत ते मला विचारायचं नाही. पण लहान डोक्याचे आहेत की मोठ्या?"

"कोण?"

"नोटेवरचा म्हातारा हो. जुन्या नोटांवर त्याचं डोकं लहान असतं. लहान डोक्याला आपल्याकडे भाव कमी देतात. आणि कुबट वास येत असला तर आणखी कमी."

आता वास्तविक नोट ती नोट. डोकं लहान असलं म्हणून अमेरिकेत तिची किंमत कमी होत नाही. हे मास्तरांनी इर्माबाईंना समजावून सांगितलं. इर्माबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तुम्ही अमेरिकेत जाऊन खर्च करणार का?"

मास्तरांनी दार लावून आशिया उघडला. निम्मे म्हातारे लहान डोक्याचे होते आणि सगळ्यांनाच पावसाळी कपाटाचा वास होता. भिंतीपलीकडून आवाज आला, "मास्तर, मधे पातळ कापड घालून इस्त्री फिरवा. मंद ठेवा मात्र!"

मास्तरांनी त्याआधी इस्त्री कधी हातात धरली नव्हती. पण शिकायला वय नसतं, असं ते वर्गात नेहमी सांगत. पहिल्या काही नोटा छान निघाल्या. वासही गेला. हात बसल्यासारखा वाटला, तेवढ्यात स्पेनहून लेकीचा फोन आला. नोएमी विगोला राहते आणि रोज त्याच वेळी विचारते की जेवलात का. मास्तर म्हणाले, "जेवलो, सॉसेज होतं," आणि ते कोणी दिलं, का दिलं हे सांगू लागले. सांगताना नाकात वास शिरला आणि "अरे, जळलं!" असं तोंडातून निघून गेलं.

नोटेवरचा म्हातारा महिनाभर समुद्रावर जाऊन आल्यासारखा तांबूस झाला होता.

"बाबा, काय जळतंय?"

मास्तरांना खोटं बोलता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडायचं काम केलं की स्वतःचा सराव राहत नाही.

"शेजारच्या बाईला डॉलर दाखवलेत तुम्ही?" नोएमी ओरडली.

"मी दाखवले नाहीत. तिने इस्त्री दाखवली."

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने पाव देता देता विचारलं, "झाली का इस्त्री?" पेपरवाला म्हणाला, "मास्तर, मागच्या खिडकीला गज आहेत ना? नाही, सहज विचारलं." इर्माबाई शपथेवर सांगत होत्या की त्यांनी कोणालाही सांगितलं नाही, फक्त बहिणीला, आणि तीसुद्धा बिचारी बुडालेली म्हणून. संध्याकाळपर्यंत गल्लीतला प्रत्येक माणूस मास्तरांच्या घरावरून जाताना जरा हळू चालत होता, किंवा मास्तरांना तसं वाटत होतं. त्यांनी आशिया कपाटावरून काढून पलंगाखाली ठेवला. मग पलंगाखाली सगळेच बघतात म्हणून न्हाणीघरात नेला. तिथे दमट होतं. शेवटी ते आशियाला बाजूला घेऊन झोपले. पलंगावर ती बाजू रिकामीच होती.

नोएमीने तिकडून सूत्रं हलवली. तिच्या मैत्रिणीच्या ओळखीचा लिसांद्रो नावाचा सल्लागार परानामध्येच होता. नदीकाठच्या नव्या इमारतीत, काचेच्या खोलीत. "बाबा, तो शिकलेला आहे. तुम्ही फक्त तो सांगेल तिथे सही करा."

लिसांद्रोने मास्तरांना बघताच हात पुढे केला. "ये, एवारिस्तो! बस आरामात. कॉफी घेणार का तू?"

मास्तर उभेच राहिले. आई गेल्यापासून त्यांना कोणी एकेरी हाक मारली नव्हती. नेलिदासुद्धा मास्तरच म्हणायची, रागावली की तर हमखास. पण मुलगा चांगल्या मनाने बोलत होता, दात पांढरे होते, आणि भिंतीवर एकही चुकीचा नकाशा नव्हता, कारण नकाशाच नव्हता. मास्तर बसले.

आधी प्रश्नपत्रिका. मास्तरांच्या जिवाला बरं वाटलं. या गोष्टीतलं त्यांना काही कळत होतं. प्रश्नांवरून तुमचा स्वभाव ठरणार आणि स्वभावावरून पैसे कुठे ठेवायचे ते ठरणार. तिसरा प्रश्न असा होता: तुमच्या गुंतवणुकीची किंमत अचानक एक तृतीयांशाने कमी झाली, तर तुम्ही काय कराल? अ, सगळी विकून टाकीन. ब, थांबून वाट बघीन. क, स्वस्तात मिळते म्हणून आणखी घेईन.

मास्तरांनी बराच वेळ विचार केला. मग खाली आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: ड, नेलिदाला विचारीन.

लिसांद्रोने कागद दोनदा वाचला. "ड असा पर्याय नाहीये," तो म्हणाला. पण आवाज खाली आला होता, आणि पुढचं वाक्य त्याने 'तुम्ही' म्हणून सुरू केलं.

लिसांद्रोच्या संगणकाने मास्तरांचा स्वभाव 'अतिसावध' असा काढला. ते मास्तरांना झोंबलं. "अतिसावध? चाळीस मुलांची सहल नेली होती मी नदीतल्या बेटावर. रात्रीत पाणी चढलं."

"बाप रे! सगळी परत आली?"

"एक्केचाळीस आली. कोळ्याचा पोरगा होडीत बसला होता, मोजताना लक्षात आलं नाही."

यंत्राला याच्याशी घेणंदेणं नव्हतं. अतिसावध ते अतिसावध. आता फोनवर खातं उघडायचं होतं, आणि त्यासाठी माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायचं होतं. लिसांद्रोने फोन मास्तरांसमोर धरला. फोन म्हणाला, डावीकडे बघा. बघितलं. उजवीकडे. बघितलं. डोळे मिटा, उघडा. केलं. मग फोन म्हणाला, हसा.

मास्तर हसले, म्हणजे त्यांनी तोंड रुंद केलं. फोन म्हणाला, कृपया हसा.

"थोडं मनापासून," लिसांद्रो म्हणाला.

कृपया हसा.

लिसांद्रोने एक विनोद सांगितला. विनोदात एक नोकरदार आणि एक पोपट होता. मास्तरांनी तो लक्षपूर्वक ऐकला आणि पोपट कोणत्या जातीचा असं विचारलं, कारण त्यावर तो किती बोलू शकेल हे अवलंबून असतं. फोन म्हणाला, आजचे प्रयत्न संपले, उद्या पुन्हा प्रयत्न करा.

मास्तर घरी आरशासमोर उभे राहिले. आरसा नेलिदाच्या उंचीला टांगलेला होता, त्यांना वाकावं लागे. हसण्याचं काम कोणते स्नायू करतात ते त्यांना पुस्तकाने ठाऊक होतं, पण एप्रिलपासून ते स्नायू कुणी वापरलेच नव्हते. इर्माबाई मदतीला आल्या.

"दात दाखवा, दात."

"दात दाखवणं म्हणजे हसणं नव्हे, इर्माबाई."

"फोनला काय कळतंय!"

फोनला कळत होतं. तीन दिवस कळत होतं. इर्माबाईंनी गुदगुल्यांचा प्रस्ताव मांडला, तो मास्तरांनी नम्रपणे नाकारला. लिसांद्रो म्हणाला, "हसण्याचं नंतर बघू. प्रत्यक्ष येऊन ओळख पटवता येते, वेळ लागतो एवढंच. पण त्याआधी जुन्या सल्लागाराचं एक पत्र लागेल. तुमच्या बाईंनी त्याला बँकेत सह्या करायचा अधिकार दिला होता ना? तो सोडल्याचं पत्र."

मास्तरांनी टोपी घातली. तसंही फोनवर कोणाला काढून टाकणं त्यांना पटलं नसतं. नापास झालेल्या पोरालाही ते समोर बसवून सांगत.

औषधाच्या दुकानाशेजारचा जिना अरुंद होता. सुबिरियाने दार उघडलं. वाळका, उंच, स्वेटरला कोपरावर ठिगळ. असल्या माणसाने लोकांना बुडवलं असेल तर बुडालेला पैसा त्याच्याकडे तरी आलेला दिसत नव्हता. त्याने किटली ठेवली, तुंब्यात येर्बाचा, म्हणजे आमच्याकडच्या चहाचा, पाला भरला, नळी खोचली, पहिला घोट स्वतः घेतला आणि पुन्हा गरम पाणी ओतून तुंबा मास्तरांच्या हातात दिला. येर्बा प्यायला बसलं की तुंबा परत देताना 'आभारी आहे' म्हणावं लागतं, म्हणजे पुरे झालं. तसं म्हटलं नाही तर समोरचा भरत राहतो. मास्तरांचा बेत असा होता: पहिला तुंबा, आभारी आहे, आणि लगेच विषयाला हात. पण येर्बा कडू आणि नेमका गरम होता, घरात त्यांना असा कधी जमला नव्हता. दुसरा तुंबा आला. तिसरा आला.

शेवटी सुबिरियानेच खणातून एक कागद काढला. "तुमचं पत्र. टाइप करून ठेवलंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"इर्माबाईंची बहीण खाली खोकल्याचं औषध न्यायला येते." त्याने पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. "सही करण्याआधी एक विचारू? डॉलर विकले नाहीत ना तुम्ही?"

"नाही."

सुबिरियाने इतका मोठा सुस्कारा सोडला की कागद हलला. "सुटलो. फोन ठेवल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. म्हटलं, मास्तर साधा माणूस, ऐकायचा एखादवेळी!"

"अहो पण विका म्हणून तुम्हीच सांगितलंत!"

"सांगितलं. मला अजूनही वाटतं की विकावेत. अगदी मनापासून वाटतं."

मास्तरांनी तुंबा टेबलावर ठेवला. गोंधळले की वर्गात जसे बघत, तसे ते त्याच्याकडे बघू लागले.

"नेलिदाबाईंनी तुम्हाला सांगितलं नाही?" सुबिरिया म्हणाला. "मला वाटलं, सांगितलं असेल. मास्तर, त्या दर महिन्याला इथे यायच्या, मी काय सांगतो ते अगदी मन लावून ऐकायच्या. मधे एक शब्द नाही. शेवटी एवढंच विचारायच्या, 'पक्कं?' मी पक्कं म्हटलं की घरी जाऊन बरोबर उलट करायच्या."

"उलट."

"मी विका म्हटलं की घ्यायच्या. मी घ्या म्हटलं की विकायच्या. मी म्हटलं की नक्की सांगता येत नाही, तर काहीच करायच्या नाहीत. मला सुरुवातीला कळलंच नाही. मी म्हणायचो, काय गुणी बाई आहे, किती ऐकते! मग ते दोन हजार एक आलं. नोव्हेंबरात मी सांगितलं, बँकेत ठेवा. त्याच दुपारी त्यांनी सगळे काढले."

"काढले?" मास्तर उठून उभे राहिले. "नोव्हेंबरात काढले? अहो, डिसेंबरात मी बँकेसमोर उभा राहून पातेलं बडवत होतो! सगळ्या गावाबरोबर! आमचे पैसे द्या म्हणून घसा बसला माझा! आणि तिनेच तर मला..."

"पातेलं दिलं, हो ना."

"म्हणाली, लहान न्या, मोठ्याला पोचे पडतील!"

"घाबरू नका, बसा. त्यांचं म्हणणं, मास्तर घरी बसले तर गल्लीला कळेल की यांचे पैसे बाहेर आहेत. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मनापासून बडवलं नसतं. तुम्हाला खोटं जमत नाही, म्हणाल्या."

मास्तर बसले. इतक्या वर्षांपूर्वीचा घसा त्यांना पुन्हा बसल्यासारखा वाटला. नंतर एक दिवस ती सहज म्हणाली होती, 'मिळाले हो आपले,' आणि मास्तरांनी ते आपल्या पातेल्याच्या खात्यावर जमा केलं होतं. शाळेत त्यावर एक छोटं भाषणही केलं होतं.

"त्या इथे आल्या तेव्हा जानेवारी होता," सुबिरिया म्हणाला. "गावात माझं तोंड बघायला कोणी तयार नव्हतं. मला वाटलं, ही पर्स फेकून मारणार. तर त्यांनी मुरंब्याचा केक आणला होता. म्हणाल्या, 'फेर्मिन, तुमच्यामुळे वाचलो.' फीसुद्धा वेळेवर. तेव्हा कळलं मला सगळं."

"आणि तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. महिनाभर आला. मग मी एक दिवस ठरवलं, यांना सरळ उलटंच सांगायचं, म्हणजे बरोबर होईल. तोंड उघडलं तर त्यांनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, 'फेर्मिन, असं करायचं नाही. तुम्हाला जे वाटतं तेच सांगायचं. तुम्ही लबाडी सुरू केलीत तर मी कोणावर विश्वास ठेवू?'" सुबिरियाने तुंबा भरला. "मास्तर, माझ्याकडून लोक गेले ते मी चुकतो म्हणून. ही एक बाई राहिली. तीही मी चुकतो म्हणून. पण ती मला खोटं बोलू देत नव्हती. मी वर्तमानपत्रं वाचायचो, आकडे काढायचो, रात्र रात्र विचार करायचो. प्रामाणिकपणे चुकायला फार मेहनत लागते."

मास्तर येर्बा पीत राहिले. कायम दक्षिण दाखवणारं होकायंत्र घेऊन माणूस उत्तरेला पोचू शकतो, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते यंत्र कधी दक्षिण, कधी पूर्व दाखवू लागलं तरच घात. हे एवढं साधं तिने त्यांना का नाही सांगितलं?

जणू त्यांनी मोठ्याने विचारलं असावं तसा सुबिरिया म्हणाला, "मी विचारलं होतं, मास्तरांना का नाही सांगत? तर म्हणाल्या, ते शिक्षक आहेत, चुकीच्या उत्तराला गुण द्यायचे नाहीत."

मास्तरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. हे खरं होतं. एका गुणासाठी त्यांनी महापौरांच्या पोराला पुन्हा त्याच वर्गात बसवलं होतं.

"मग डॉलर?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"विका."

"पक्कं?"

"अगदी पक्कं."

"मग राहू देत," मास्तर म्हणाले, आणि नेलिदा गेल्यापासून त्यांना पहिल्यांदा एखादी गोष्ट तिच्या हातून झाल्यासारखी वाटली.

पत्र टेबलावर तसंच होतं. सुबिरियाने पेन बंद केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. "मास्तर, आणखी एक आहे. सांगू की नको, असं झालंय मला एप्रिलपासून."

"सांगा."

"त्या शेवटच्या इथे आल्या त्या मार्चमध्ये. जिना चढताना दोनदा थांबल्या, मला पायांचा आवाज ऐकू येत होता. पैशांचं काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, 'फेर्मिन, मी गेल्यावर मास्तरांचं कसं होईल? नेहमीसारखं खरं सांगा.'"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मला जे वाटत होतं ते. म्हटलं, नेलिदाबाई, त्यांना अंडं उकडता येत नाही. बिलं कुठे भरतात ते माहीत नाही. घरात तुमच्याशिवाय कोणाशी बोलत नाहीत. तुम्ही गेलात तर ते हा हिवाळा काढायचे नाहीत."

खाली रस्त्यावर आइस्क्रीमच्या गाडीपाशी गर्दी होती. पोरं उघड्या अंगाने नदीवरून परतत होती. आमच्याकडचा हिवाळा, जून ते ऑगस्ट, केव्हाच सरला होता; नोव्हेंबर संपत आला होता आणि ऊन चांगलंच तापलं होतं.

"त्यांनी विचारलं, 'पक्कं?' मी म्हटलं, अगदी पक्कं. तोंडातून गेलं आणि वाटलं, जीभ तोडून टाकावी आपली. मरणाऱ्या बाईला हे काय सांगितलं! पण मास्तर, त्यांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिलो. माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, 'फेर्मिन, जिवात जीव आला.' आणि उतरताना जिन्यात एकदाही थांबल्या नाहीत."

किटलीतलं पाणी निवत चाललं होतं. मास्तरांनी रुमाल काढला, पुन्हा खिशात ठेवला, आणि उठून टोपी घातली. दारापाशी ते थांबले.

"पुढच्या महिन्यात कोणता गुरुवार असतो?"

"पहिला."

"येतो," मास्तर म्हणाले. "आणि सुबिरिया, जे वाटेल तेच सांगायचं. माझ्याबद्दलसुद्धा."